सव्वाशे अंशांचे भाऊजी

आमचे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जात. जग टीव्ही पुढून बघतं, हे मागून बघत. पाठीवरच्या फटींना डोळा लावून, श्वास रोखून, "हं, नव्वद अंश. जुनी आहे," असं पुटपुटत आणि मग घरातल्या माणसांना नमस्कार करत. लग्नाआधी धाकटीच्या माहेरी पहिल्यांदा गेले तेव्हाही हेच. होणारे सासरे हात पुढे करून उभे, आणि होणारे जावई टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेले. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, अजून सांगते, "मी ह्यांच्या तोंडाआधी ह्यांची पाठ पाहिली, ताई. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं."

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. पिक्चर ट्यूबच्या कारखान्यात डिझाइनला होते. हल्लीच्या पोरांना पिक्चर ट्यूब म्हणजे काय हे समजावून द्यावं लागतं, म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. जुन्या टीव्हीला पोट असे आणि ते पाठीच्या बाजूला असे. त्या पोटात काचेचं एक मोठं नरसाळं, म्हणजेच नळी. नरसाळ्याच्या बारीक टोकाला, त्याला मान म्हणायचं, एक गन बसवलेली. ती पुढच्या काचेवर आतून इलेक्ट्रॉनचा झोत मारी. मानेभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, ते झोताला डावीउजवीकडे आणि खालीवर झुलवी. झोत जिथे आपटेल तिथे काच उजळे. झालं चित्र. नरसाळं लांब म्हणून टीव्ही खोल. टीव्ही पातळ करायचा तर गन काचेजवळ आणा, एवढंच.

एवढंच म्हणायला सोपं आहे. पाण्याचा पाइप हातात घ्या आणि भिंतीपासून दहा फुटांवर उभं राहून तिचे चारही कोपरे भिजवा. मनगट जरा हललं की काम होतं. आता चार फुटांवर या. कोपरा गाठायला हात किती फिरवावा लागतो बघा, आणि तिथे पाणी गोल पडतं की तिरपा फराटा उमटतो तेही बघा. हा प्रयोग भाऊजींनी माझ्या घराच्या भिंतीवर, येईल त्या पाहुण्यासमोर, इतक्यांदा केला की भिंतीचा रंग धुऊन गेला. साधी नळी झोताला एकशे दहा अंशांत झुलवत असे. भाऊजींना सव्वाशे हवे होते. त्या पंधरा अंशांत त्यांची सहा वर्षं गेली आणि नावही गेलं. कारखान्यात सगळे त्यांना सव्वाशेच म्हणत. "सव्वाशे आले का?" "सव्वाशे जेवायला गेलेत."

"भाजी सांगितली तर अर्धी विसरून येतात," धाकटी म्हणायची, "पण अंश एक कमी होऊ देत नाहीत."

त्यांना यातून काय हवं होतं, हे मी एकदा स्पष्ट विचारलं. मला आडून विचारता येत नाही. म्हणाले, "वहिनी, बढती नको, मानचिन्ह नको. मी आखलेली नळी कुणा अनोळखी माणसाच्या घरात लागावी आणि त्याने नळीचा विचारही न करता टीव्ही बघावा. बस."

माणसाची इच्छा इतकी छोटी असली की ती पुरी व्हायला फार मोठी माणसं आडवी येतात.

झालं असं, की कारखान्याचे मोठे साहेब परदेशी जाऊन आले आणि तिथे त्यांनी पातळ टीव्ही पाहिला. आल्याबरोबर त्यांनी समिती नेमली. समितीने पहिलं वर्ष नळी किती पातळ करायची यावर घालवलं, आणि दुसरं वर्ष तिला म्हणायचं काय यावर. 'पातळ' म्हटलं तर गिऱ्हाइकाला वाटणार काच पातळ. 'बारीक' म्हटलं तर वाटणार पडदा लहान. शेवटी 'सडपातळ' हा शब्द सापडला तेव्हा विक्रीसाहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले, जणू नळी तयार झाली.

नळी तोवर कँटीनच्या मागच्या दोन खोल्यांत फुटत होती. आत निर्वात, बाहेरून हवेचा दाब. नरसाळं आखूड आणि पसरट केलं की काचेला ताण सोसत नाही, ती आतल्या आत कोसळते. आवाज दार आपटल्यासारखा. कँटीनमधली माणसं घास न थांबवता म्हणत, "सव्वाशेंची आणखी एक गेली." घरी आम्हीही मोजायला शिकलो होतो. चेहरा पाहून धाकटी विचारी, "कितवी?" भाऊजी सांगत, "चौदावी." मग पंधरावी. मग सतरावी.

मार्ग दाखवला तो समितीने नव्हे. काचेच्या भट्टीवर एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी सतराव्या नळीचे तुकडे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "सव्वाशे, काच माणसासारखी असते. खांद्याला कोपरा ठेवलात की भांडणारच. तिथं गोलाई द्या."

भाऊजींनी खांद्याला गोलाई दिली. अठरावी टिकली. टीव्हीची वीस इंचांची खोली चौदा इंचांवर आली. त्या संध्याकाळी ते घरी आले, बूट काढले आणि नुसते हसत बसले. धाकटीने कितवी म्हणून विचारलंच नाही.

आता, मी काही आंधळी नव्हते. चौकातल्या दुकानात भिंतीला टांगायचा चपटा टीव्ही आला होता. मी म्हटलं, "भाऊजी, तिथे पाटीएवढा टीव्ही लागलाय. तुमच्या चौदा इंचांचं काय?"

"पाटीच आहे ती, वहिनी! जरा बाजूला सरकून बघा, माणसं काळीनिळी होतात. चेंडू फेकला तर चेंडूला शेपूट फुटतं."

"आणि दोन वर्षांनी ते शेपूट कापलं तर?"

भाऊजी म्हणाले, "म्हणून तर घाई आहे."

घाई फक्त त्यांनाच होती. विक्रीसाहेबांनी काढलं की नळीचा निकाल लावण्याआधी गृहिणींचं मत घ्यायचं. चाळीस गृहिणींचं. गिऱ्हाईक शोधायचं तर बाहेर उन्हात हिंडावं लागतं, म्हणून त्यांनी कारखान्यातल्याच चाळीस जणांच्या घरी फॉर्म पाठवले. वर लिहिलं होतं, 'नाव लिहू नये, मोकळेपणाने मत द्यावे.' एकोणचाळीस बायकांनी नवऱ्याची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून मोकळेपणाने 'उत्तम' लिहिलं. उरलेली एक आमची धाकटी. तिने काय लिहिलं ते पुढे येईलच.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. त्या दिवशी मोठे साहेब हो म्हणाले तर काचेच्या साच्याची ऑर्डर जाणार आणि नळी बाजारात येणार. नाही म्हणाले तर त्या दोन खोल्या बंद आणि भाऊजी पॅकिंग खात्यात. सभागृह मोठं आणि उत्साह थोडा, म्हणून खुर्च्या भरायला आम्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. मी दुसऱ्या रांगेत होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

दक्षिणेच्या भिंतीवर संस्थापकांची भलीमोठी तसबीर. सगळ्या खुर्च्या तिच्याकडे तोंड करून. तसबिरीच्या खाली टेबल, टेबलावर भाऊजींची नळी उघडीच, पेटीशिवाय. तिच्या पडद्यावर आधीच चित्रित केलेलं मोठ्या साहेबांचं भाषण लागायचं होतं, आणि ते मोठे साहेब पहिल्या रांगेत बसून ऐकणार होते. एवढी सोय मी आयुष्यात पाहिली नाही.

बटण दाबलं. साहेब पडद्यावर उगवले. मधोमध नाक अगदी स्वच्छ. पण पडद्याचे चारही कोपरे जांभळे, आणि साहेबांचा डावा कान हिरवागार.

खुर्चीतले साहेब म्हणाले, "माझ्या कानाला काय झालंय?"

विक्रीसाहेब म्हणाले, "नवीन तंत्रज्ञान आहे, सर. रंग जास्त आहेत."

तेवढ्यात टेबलामागून भाऊजी उठले. "टेबल चुकीचं ठेवलंय. नळीचं तोंड पूर्वेला करायला हवं."

"पूर्वेला? का?"

"पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे, साहेब. झोत कोपऱ्याकडे इतका तिरपा जातो की केसभर ढकलला तरी शेजारच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. मी ही नळी पूर्वेकडे तोंड करून जुळवलीय. ती इथे उत्तरेला बघतेय."

विक्रीसाहेब खवळले. "मग हे पृथ्वीचं आधी कळवायला काय झालं होतं?"

"कळवलं होतं. तीन पत्रं दिली."

"कुठे आहेत?"

"समितीपुढे आहेत."

अडचण अशी की नळी पूर्वेला वळवली तर ती बघायला सगळ्यांनी उठून पलीकडच्या बाजूला जायचं, आणि मग संस्थापक एका अंगाला पडणार. स्थापनेपासून असं कुणी केलं नव्हतं. खाली मान घालून सगळे मोठ्या साहेबांचे बूट न्याहाळत होते. शेवटी मागच्या रांगेतून भट्टीवाले मिस्त्री म्हणाले, "साहेब, पृथ्वी वळवण्यापेक्षा खुर्च्या वळवू. हलक्या आहेत."

मोठे साहेब उठले. स्वतःची खुर्ची स्वतः उचलली. मग काय, संचालक मंडळ खुर्च्या पोटाशी धरून, एकमेकांचे पाय तुडवत, सभागृहभर फिरलं. भाऊजींनी टेबल वळवलं. पिशवीतून तांब्याच्या तारेचं एक मोठं कडं काढलं, त्याला वीज जोडली आणि ते पडद्यासमोर गोल गोल फिरवत सावकाश मागे सरकत गेले. नळीच्या आतल्या पोलादी जाळीत चिकटलेलं चुंबकत्व त्याने झटकलं जातं. पडद्यावरचे साहेब सगळ्या रंगांतून गेले आणि शेवटी स्वतःच्या रंगावर आले.

मग भाऊजींनी साहेबांचं भाषण काढून टाकलं आणि दुसरं चित्र लावलं. ओला रस्ता, त्यावर सायकलवरून जाणारी एक बाई, काळी छत्री. एवढंच. पण ती छत्री काळी होती, करडी नव्हे, आणि रस्त्यावरचं पाणी अगदी कोपऱ्यापर्यंत चकाकत होतं. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, सहसा कशाला भुलत नाही. त्या रस्त्यावर चिखल असेल म्हणून मी साडी वर उचलून घेतली.

टाळ्या झाल्या. मोठे साहेब म्हणाले, "मंजूर." धाकटीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

इथेच उठून चहाला गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण विक्रीसाहेबांचा अहवाल वाचायचा राहिला होता. "चाळीसपैकी एकोणचाळीस गृहिणी समाधानी आहेत," ते म्हणाले, "मात्र गृहिणी क्रमांक सदतीस यांनी एक गंभीर मुद्दा मांडला आहे. त्यांच्याच शब्दांत वाचतो. 'टीव्ही एवढा पातळ झाला तर त्याच्या डोक्यावर काय ठेवायचं? आमच्याकडे टीव्हीवर फुलदाणी, गजराचं घड्याळ, ह्यांचा चष्मा, औषधांचा डबा आणि फोन एवढं राहतं. ते आता काय हवेत टांगू?'"

मी धाकटीकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती, तिने माझा हात सोडला होता.

संचालक मंडळ विचारात पडलं. आतापर्यंत झोत, अंश, चुंबकत्व यांतलं कुणाला काही कळलं नव्हतं, म्हणून सगळे गप्प होते. फुलदाणी सगळ्यांना कळत होती. पाऊण तास चर्चा झाली. एक जण म्हणाले, आमच्याकडे तर टीव्हीवर आईचा फोटो असतो. शेवटी ठरलं, की नळी सडपातळ, पण पेटी पूर्वीसारखीच, वीस इंचांची. जाहिरातही तिथल्या तिथे सुचली, 'सडपातळ नळी, भरदार पेटी.'

भाऊजी उभे राहिले. "साहेब, मी सहा वर्षांत सहा इंच कमी केले."

"केलेतच!" मोठे साहेब प्रेमाने म्हणाले. "आत कमी केलेत, बाहेर आपण वाढवू. कुणाची तक्रार नको."

त्या दिवशी घरी आल्यावर भाऊजी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गृहिणी क्रमांक सदतीस, चहा मिळेल का?"

धाकटी पदर खोचून उभी राहिली. "अहो, मला काय माहीत तो कागद एवढ्या वर जाईल? विचारलं, सांगितलं. आणि त्यात खोटं काय आहे? तुमचा चष्मा या घडीला कुठे आहे?"

चष्मा टीव्हीवर होता.

"खोटं काही नाही," भाऊजी म्हणाले. "अक्षरही छान आहे." तेव्हापासून ते तिला सदतीसच म्हणू लागले. रागाने नाही, पण सोडलंही नाही.

नळी बाजारात आली खरी. मागे सहा इंच नुसती हवा असलेल्या पेटीत बसून आली, आणि साध्या टीव्हीशेजारी ठेवली तर देवालाही फरक सांगता आला नसता. माहितीपुस्तकात 'तोंड पूर्वेला ठेवा' छापायला विक्रीसाहेबांनी साफ नकार दिला. "लोकांना वाटेल आपण होकायंत्र विकतोय." म्हणून भाऊजींनी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या, 'चित्राचे कोपरे जांभळे दिसल्यास टीव्हीचे तोंड पूर्वेला करावे, न जमल्यास कळवावे,' आणि खाली घरचा फोन नंबर. प्रत्येक पेटीच्या पाठीला एक चिकटवली. एकूण चारशे बारा. चारशे तेरावी पेटी निघालीच नाही. पाटीवाल्यांनी तोवर शेपूट कापलं होतं आणि कडेचा काळेपणाही घालवला होता. भट्टी थंड झाली, कारखाना बंद पडला. समिती मात्र आणखी आठ महिने चालली, कारण शेवटच्या सभेचा वृत्तांत मंजूर व्हायचा होता.

मग घरी फोन येऊ लागले. भाऊजी बाहेर असले तर धाकटीच औषध सांगे. "कोपरे जांभळे झालेत? पूर्वेला तोंड करा. नाही हो, तुमचं नाही, टीव्हीचं." आधी आठवड्याला एखादा फोन यायचा, मग महिन्याला, मग वर्षाला. पुढे दोन वर्षं एकही नाही. लेक म्हणाली, "बाबा, सगळ्यांकडे मोबाइल आहेत, हा जुना फोन काढून टाकू या." भाऊजी म्हणाले, "राहू दे." घरातून सगळे एकदम बाहेर पडायची वेळ आली की ते मागे राहत. अनोळखी माणसाच्या घरात आपली नळी लागलेली त्यांनी अजून एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. लोक फोनवर ऐकायचे, टीव्ही वळवायचे आणि आभार मानून ठेवून द्यायचे.

यंदा एक फोन आला. शिवणकाम करणाऱ्या एक बाई. मशिनसाठी खोलीची मांडामांड बदलली आणि टीव्ही बिघडला म्हणाल्या. पूर्वेला वळवायला सांगितलं तर म्हणाल्या, "एकटीला हलत नाही हो. दगड आहे नुसता."

भाऊजी फोन ठेवायच्या आत बुटात होते. मी बरोबर गेले, कारण गाडी मी चालवते. भाऊजींना चालवायला दिली तर ते आरशात मागचंच बघत बसतात.

जिना चढून गेलो. बाईंनी दार उघडलं, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. भाऊजी अर्थातच थेट टीव्हीच्या मागे. चिठ्ठी होती. पिवळी पडलेली, पण अक्षर त्यांचंच. ते तिच्यासमोर जरा जास्त वेळ वाकून राहिले. मग आम्ही तिघांनी मिळून तो धोंडा पूर्वेला वळवला, भाऊजींनी कडं फिरवलं, आणि जांभळे कोपरे विरून गेले.

"एवढंच होतं?" बाई म्हणाल्या.

"एवढंच."

आता माणूस आहे, त्याला वाटणारच. भाऊजींनी कडं पिशवीत घालता घालता सहज विचारल्यासारखं विचारलं, "इतकी वर्षं ठेवलात हा. चित्र आवडतं वाटतं?"

"चित्र? बरं आहे की. मी मान खाली घालून शिवते, मला आवाज पुरतो." बाईंनी दोरा सुईत ओवला. "भाचा म्हणतो, मावशी, भिंतीवरचा घे. पण मला सांगा, त्याच्यावर ठेवायचं काय?"

टीव्हीच्या डोक्यावर रिळं होती, कात्री होती, खडूचे तुकडे, बटणांच्या बाटल्या, एक रेडिओ आणि बाईंचा चष्मा. वीस इंचांतला एक इंच मोकळा नव्हता.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे पाहिलं.

बाईंना काम होतं. आम्ही अजून उभे आहोत हे विसरून त्यांनी मशिन सुरू केलं. मध्येच मान वर करून दोन क्षण पडद्याकडे बघत, पुन्हा खाली. नळीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. भाऊजी हळूच कडेच्या स्टुलावर बसले, आणि मी त्यांना पहिल्यांदा पुढच्या बाजूने टीव्ही बघताना पाहिलं. कार्यक्रम कसला तरी टुकार होता. संपेपर्यंत उठले नाहीत.

परतताना गाडीत म्हणाले, "वहिनी, ते वर ठेवायचं काय वगैरे घरी सांगू नका."

चहा कपात पडायच्या आत मी सांगितलं.

धाकटीने गाळणं बाजूला ठेवलं. "मग? चाळिसांत एकटीच खरं बोलले होते मी."

भाऊजी म्हणाले, "हं." पण त्या दिवसापासून त्यांनी तिला सदतीस म्हणणं सोडलं आणि पूर्वीसारखी नावाने हाक मारायला लागले. धाकटीला ते मुळीच आवडलेलं नाही.